लोखंडी ठोकळ्याची घनता १०.११ आली! कुठे चुकतंय?

निंबोणी

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे.

आम्ही इचलकरंजीत राहतो. शेजारच्या काकांचं लेथचं वर्कशॉप आहे. लेक नववीत आहे आणि शाळेत घनता शिकवल्यापासून दिसेल ती वस्तू उचलून "आई, हिची घनता किती असेल गं?" असं चाललंय. परवा काकांनी तिच्या हातावर धातूचा एक ठोकळा ठेवला. सहाही बाजू चकचकीत, बोटाला कापू नये म्हणून कडा हलक्या मारलेल्या. म्हणाले, "हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे की पोलाद, ते मला न विचारता सांगायचं. रविवारपर्यंत वेळ."

तिने कंपासपेटीतल्या पट्टीने तिन्ही बाजू मोजल्या. लांबी २.३ सेंमी, रुंदी २.३, उंचीही २.३. म्हणजे घनच. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन भरलं १२३ ग्रॅम.

आकारमान = २.३ × २.३ × २.३ = १२.१६७ घसेमी (घन सेंटीमीटर)
घनता = १२३ ÷ १२.१६७ = १०.११ ग्रॅम/घसेमी

तक्त्यात लोखंड ७.८७ आहे आणि चांदी १०.४९. ती म्हणते, "आई, ही तर चांदी!" पण फ्रिजवरचं लोहचुंबक त्या ठोकळ्याला घट्ट चिकटतं. आकडेमोड मी तीनदा तपासली, बरोबर आहे. मग चुकतंय कुठे? तिला उत्तर सांगून टाकायचं नाहीये, पण मला स्वतःला कळल्याशिवाय तिला वाट तरी कशी दाखवू?

पाटीपेन्सिल

चुंबक चिकटलं म्हणजे चांदी बाद, हे पक्कं. साध्या चुंबकाला जोरात चिकटणारे नेहमीचे धातू तीनच: लोखंड, निकेल आणि कोबाल्ट. निकेल आणि कोबाल्ट दोन्ही ८.९ च्या आसपास. १०.११ या तिघांपैकी कोणाच्याच जवळ नाही. त्यामुळे मोजण्यातच काहीतरी गडबड आहे.

मुलीने उत्तर तक्त्याशी ताडून पाहिलं, तुम्ही चुंबक लावून पाहिलं, हे फार छान केलंत. बहुतेक मुलं १०.११ लिहून वही मिटतात.

सह्यवारा

निंबोणीताई, मी बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. दोन प्रश्न विचारतो, लेकीला विचारूनच उत्तर द्या.

१. काटा बरोबर दाखवतो का? पाच रुपयांची सोनेरी रंगाची, २०१९ च्या आधीची दहा नाणी गोळा करा. हे नाणं ६ ग्रॅमचं असतं, तेव्हा दहांचे ६० भरायला हवेत. वापरून झिजलेल्या नाण्यांमुळे एखादा ग्रॅम कमी आला तर चालेल.

२. पट्टी कशी धरली होती? ठोकळ्यावर आडवी ठेवली, की टेबलावर उभी केली? मला तिने केलं तसंच्या तसं वर्णन हवं आहे.

निंबोणी

दादा, नाणी मोजली. काटा ६० दाखवतो. म्हणजे काटा निर्दोष.

पट्टीचं: तिने ठोकळा टेबलावर ठेवला, पट्टी त्याच्या शेजारी उभी धरली, पट्टीचं टोक टेबलाला टेकवलं आणि वरची कड कुठे येते ते वाचलं. मग ठोकळा वळवून पुन्हा तेच. तिन्ही बाजू अशाच मोजल्या. डोळा अगदी समोर नेऊन वाचलं, असं ती आवर्जून सांगायला सांगते आहे.

सह्यवारा

सापडलं बहुतेक. तिला पट्टीचं टोक नीट बघायला सांगा. शून्याची रेघ अगदी टोकावर आहे का?

प्लास्टिकच्या पट्टीला टोकाला थोडी जागा सोडलेली असते आणि शून्य त्यानंतर सुरू होतो. पट्टी कागदावर आडवी ठेवून रेघ मारताना हे लक्षात येत नाही, कारण तेव्हा आपण शून्याची रेघ बघूनच लावतो. पण पट्टी उभी केली की टेबलाला टेकतं ते टोक, शून्य टेकत नाही. टोक आणि शून्य यांच्यामध्ये २ मिमी असतील, तर प्रत्येक वाचन २ मिमी कमी येणार. तिन्ही बाजू तशाच मोजल्यामुळे तिन्ही वाचनं एकसारखी कमी आली, आणि एकसारखी आली म्हणून बरोबरही वाटली.

आता तिने पट्टी ठोकळ्याच्या वरच्या बाजूवर आडवी ठेवावी आणि एक कड १ सेंमीच्या रेघेवर आणावी. दुसरी कड जिथे येईल त्यातून १ वजा करायचा. पट्टीचं टोक झिजलेलं असो, तुटलेलं असो, या पद्धतीत काही फरक पडत नाही.

निंबोणी

दादा!! टोकापासून शून्यापर्यंत बरोबर २ मिमी आहेत. आता १ सेंमीपासून मोजलं, दुसरी कड ३.५ वर आली. बाजू २.५ सेंमी.

२.५ × २.५ × २.५ = १५.६२५ घसेमी
१२३ ÷ १५.६२५ = ७.८७

लेक घरभर नाचते आहे. पण आता तिनेच मला विचारलं, "आई, फक्त दोन मिलिमीटरसाठी लोखंडाची चांदी कशी झाली?" म्हणजे ७.८७ चं १०.११ व्हायला एवढीशी चूक कशी पुरली? मला नीट सांगता आलं नाही.

सह्यवारा

फार चांगला प्रश्न. या प्रयोगाचं मर्म तेच आहे.

२५ मिमीत २ मिमीची चूक म्हणजे शेकडा ८. पण ती एकदाच होत नाही, आकारमान काढताना आपण तिचा तीनदा गुणाकार करतो. ०.९२ × ०.९२ × ०.९२ करून बघा, ०.७८ येतं. म्हणजे बाजूत शेकडा ८ ची चूक झाली आणि आकारमान शेकडा २२ ने घटलं. घनता काढताना आकारमानाने भागायचं असतं, त्यामुळे उत्तर शेकडा २८ ने फुगलं. ७.८७ चे १०.११ असे झाले.

वजनाची चूक मात्र एकदाच लागते. तुमचा काटा एक ग्रॅमच्या पायरीने दाखवतो, म्हणजे १२३ हे खरं १२२.५ ते १२३.५ मध्ये कुठेतरी आहे. ही चूक शेकडा अर्ध्याहूनही कमी. म्हणून घनतेच्या प्रयोगात भारी काटा आणण्याआधी लांबी मोजायची सोय बघावी. माझे विद्यार्थी काट्यावरचा ठोकळा पुन्हा पुन्हा उचलून ठेवायचे आणि पट्टी एकदाच लावायचे. मी त्यांना उलटं करायला लावायचो.

अबोली_पुणे

किती छान समजावलंत! वाचनखूण साठवली.

माझ्या मुलाची अडचण वेगळी आहे. तो मिमीमध्ये मोजतो आणि शेवटी १० ने भागून सेंमी करतो. अशाने उत्तर शंभरपट चुकतं हे कळतं, पण त्याच्या डोक्यात बसत नाही. आणि ग्रॅम/घसेमीचं किग्रॅ/घमी करताना १००० ने गुणायचं की भागायचं, तिथेही अडतं.

पाटीपेन्सिल

अबोली, त्याला कागदाचा घन करायला सांगा, १ सेंमी बाजूचा. प्रत्येक बाजूवर मिमीच्या रेघा ओढायला लावा. तळाशी १० × १० = १०० बारीक घन बसतात आणि असे १० थर चढतात. १ घसेमी म्हणजे १००० घमिमी. एकदा स्वतःच्या हाताने थर मोजले की १० ने भागायचा हात आपोआप थांबतो. या ठोकळ्याचंच घ्या: २५ × २५ × २५ = १५,६२५ घमिमी, म्हणजे १५.६२५ घसेमी.

दुसऱ्या अडचणीसाठी पाणी लक्षात ठेवायचं. एक घसेमी पाण्याचं वस्तुमान १ ग्रॅम. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० लिटरची टाकी, तिचं वस्तुमान १००० किलो. म्हणून पाण्याची घनता एकदा १ आणि एकदा १०००. लोखंड पाण्याच्या ७.८७ पट जड, तेव्हा एकदा ७.८७ आणि एकदा ७८७०. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दाखवून सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

आणि एक. गणिताच्या पुस्तकात 'घनफळ' आणि विज्ञानाच्या पुस्तकात 'आकारमान' असे दोन शब्द येतात. ही एकच गोष्ट आहे, हे मुलांना कोणी सांगतच नाही. माझ्या भाचीला नववीत असताना ही दोन वेगवेगळी सूत्रं वाटायची. इष्टिकाचिती, वृत्तचिती, गोल यांची गणितात पाठ केलेली सूत्रं विज्ञानाच्या तासाला आणायची आणि वस्तुमानाला त्यांनी भागायचं. संपलं.

भट्टीवाला

कोल्हापूरहून रामराम. आमचं फाउंड्रीचं काम, त्यामुळे बीड म्हटलं की राहवत नाही.

ताई, लेकीला अजून नाचू देऊ नका, काकांचा प्रश्न सुटलेला नाही. त्यांनी 'लोखंड का?' असं विचारलेलं नाही, 'बीड की पोलाद?' असं विचारलंय. चुंबक दोघांनाही चिकटतं. करड्या बिडाची घनता ७.२ च्या आसपास असते, साध्या पोलादाची म्हणजे एमएसची ७.८५. बिडात कार्बन जास्त, साधारण शेकडा ३ ते ४, आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. ग्राफाइट हलका, म्हणून बीड पोलादापेक्षा हलकं भरतं.

आता हिशेब करा. १२३ ग्रॅमचा घन बिडाचा असता तर आकारमान १७.०८ घसेमी झालं असतं आणि बाजू २.५७५ सेंमी. पोलादाचा असेल तर २.५. म्हणजे बीड आणि पोलाद यांच्यामध्ये फक्त पाऊण मिलिमीटर आहे! पट्टीवर अर्धा मिमी इकडेतिकडे सहज होतो. पट्टीच्या जोरावर "पोलाद वाटतंय" म्हणता येईल, पण काकांसमोर पैज लावता येणार नाही. वर्कशॉपमध्ये व्हर्निअर (मिमीचेही बारीक भाग मोजणारं जबड्यांचं साधन) असणारच, तो मागून घ्या. मागताना उत्तर विचारू नका म्हणजे झालं.

निंबोणी

पाऊण मिलिमीटर! हे लेकीला वाचून दाखवलं तर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग व्हर्निअर आणूयाच." उद्या संध्याकाळी जातो.

साईटवरून

धागा आवडला. मी सिव्हिलवाला. आमच्याकडे घनता रोज वापरतात, पण तिचं नाव कोणी घेत नाही.

सळईचं वजन काढायचं सूत्र साईटवर मुकादमापासून सगळ्यांना पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. व्यास मिमीमध्ये घ्यायचा, उत्तर एका मीटरचं किलोमध्ये येतं. १२ मिमीची सळई: १४४ ÷ १६२ = ०.८८९ किलो. १२ मीटरच्या अख्ख्या सळईचे १०.६७ किलो. पण हा १६२ कुठून आला, असं नवीन पोरांना विचारलं की शांतता.

तो पोलादाच्या घनतेतून येतो. सळई म्हणजे लांबलचक वृत्तचिती. छेदाचं क्षेत्रफळ π/४ × व्यासाचा वर्ग, लांबी १००० मिमी, आणि घनता ७८५० किग्रॅ/घमी म्हणजे ०.०००००७८५ किलो दर घमिमी. सगळं गुणलं की व्यासाच्या वर्गाला ०.००६१६५ ने गुणायचं उरतं, आणि १ ÷ ०.००६१६५ = १६२.२. एवढंच. सळईऐवजी तांब्याचा गज असता तर तिथे १४२ आलं असतं. ८.९६ धरून कोणीही करून बघावं.

तुमच्या लेकीला सांगा, तिने जे केलं तेच आम्ही उलटं करतो. ती वजनावरून घनता काढते, आम्ही घनतेवरून वजन. गाडी वजनकाट्यावरून आली की सळया मोजायच्या, सूत्राने वजन काढायचं आणि पावतीशी ताडायचं. एकदा अशा ताळ्यातच मला फरक सापडला होता. सळई छापलेल्या व्यासापेक्षा बारीक होती आणि तेवढा माल परत पाठवावा लागला. मालक त्या दिवशी माझ्याजवळ बसून ते सूत्र कागदावर लिहून घेऊन गेले.

अबोली_पुणे

@साईटवरून, सिपोरेक्सचे, म्हणजे भिंतीत वापरतात ते हलके ब्लॉक पाण्यावर तरंगतात हे खरं आहे का? मुलगा म्हणतो खोटं आहे.

साईटवरून

खरं आहे. ६०० × २०० × १५० मिमीचा ब्लॉक घ्या. ६० × २० × १५ = १८,००० घसेमी. कोरडा ब्लॉक साधारण ११ किलो भरतो. ११,००० ÷ १८,००० = ०.६१. पाण्यापेक्षा कमी, म्हणून तरंगतो. आत बारीक बारीक हवेची छिद्रं असतात. मात्र तो पाणी पितो, त्यामुळे भिजलेला ब्लॉक मोजाल तर आकडा वाढलेला येईल. कुठल्याही सच्छिद्र वस्तूची घनता काढताना ती कोरडी की ओली हे सोबत लिहायचंच.

विटेचं काढणार असाल तर आणखी एक. विटेच्या वरच्या अंगाला खाच असते. लांबी × रुंदी × उंची केलं की ती खाचही आकारमानात धरली जाते आणि घनता कमी येते. खाच वाळूने काठोकाठ भरायची, ती वाळू मापात ओतून मोजायची आणि तेवढं आकारमान वजा करायचं.

जांभ्याचा_चिरा

रत्नागिरीहून. साईटवरून यांच्या ओल्या-कोरड्याला जोरदार अनुमोदन. कुंपणासाठी आणलेला एक चिरा मी मोजला होता: ३६ × २३ × १८ सेंमी, म्हणजे १४,९०४ घसेमी. मे महिन्यात ३० किलो भरला, घनता २.०१. तोच चिरा श्रावणात उचलला तर माझ्या हातालाच फरक जाणवला. काट्यावर ठेवला तर ३३ च्या वर. चिरा तोच, बाजू त्याच, आणि घनता २.२ च्या पुढे. जांभ्याच्या छिद्रांत पाणी मुरलेलं असतं. आमच्याकडचे गवंडी पावसात चिरे चढवताना जास्त गडी मागतात, ते उगाच नाही.

गल्ली_ते_जिमखाना

गोलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गोलाचा व्यास पट्टीने मोजायला जाऊ नका, कडच सापडत नाही. दोरा गुंडाळून परीघ घ्यायचा.

आमच्या क्रिकेटच्या सीझन बॉलचंच बघा. नियमाप्रमाणे नवा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, परीघ २२.४ ते २२.९ सेंमी. मधले आकडे घेऊ: १६० ग्रॅम, २२.६५ सेंमी. परिघाला २π ने भागलं की त्रिज्या ३.६ सेंमी. ४/३ × π × त्रिज्येचा घन, म्हणजे साधारण १९६ घसेमी. घनता ०.८२! हातात दगडासारखा लागणारा तो चेंडू पाण्यापेक्षा हलका आहे.

लहानपणी आमच्या मैदानाशेजारी विहीर होती. चेंडू विहिरीत गेला की सगळे कठड्यावर पालथे पडून बघायचो, आणि तो लाल ठिपका पाण्यावर तरंगत असायचा. बादली सोडून काढायचो. का तरंगतो हे कळायला मला नोकरी लागावी लागली. आत बूच आणि सुतळी, वरून चामडं. म्हणजे ही एका पदार्थाची घनता नव्हे, सगळ्यांची मिळून सरासरी घनता.

करवंद

एक शंका. सूत्र लावून घनता काढतात तसं सोन्याचं वेढणं खरं की खोटं ते घरी ओळखता येईल का?

सह्यवारा

@करवंद, वेढण्याचा आकार नेमका सूत्रात बसत नाही, त्यासाठी पाण्याची पद्धत बरी. ती या ठोकळ्याच्या पडताळ्यालाही उपयोगी आहे, म्हणून इथेच सांगतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबत धरा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं घसेमी आकारमान. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर काट्यावर येतो, म्हणून. निंबोणीताईंच्या लेकीचा ठोकळा १६ दाखवेल. पट्टीची चूक झाली होती तेव्हा हे केलं असतं, तर १२ आणि १६ मधला फरक लगेच उघडा पडला असता.

सोन्यासाठी मात्र एक ग्रॅमच्या पायरीचा काटा चालणार नाही. दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचं आकारमान जेमतेम अर्धा घसेमी भरतं. सोनाराच्या काट्यावर १९.३ च्या खूप खाली आलं तर भेसळ आहे हे कळेल. पण १९.३ आलं म्हणून सोनंच, असं म्हणता येत नाही. टंगस्टनची घनता १९.२५ आहे. आत टंगस्टन आणि वर सोन्याचा थर, असा माल घनतेच्या परीक्षेत पास होतो. घनता 'नाही' ठामपणे सांगते, 'हो' तेवढ्या ठामपणे सांगत नाही.

करवंद

धन्यवाद दादा, हे माहीत नव्हतं. सराफाकडेच तपासून घेते.

मापनवेडा

सुंदर धागा. वृत्तचितीचा विषय निघालाय तर जगातल्या सगळ्यात मानाच्या वृत्तचितीबद्दल लिहितो.

१८८९ पासून २० मे २०१९ पर्यंत 'एक किलो म्हणजे किती' याचं उत्तर पॅरिसजवळ सेव्र इथे काचेच्या झाकणांखाली ठेवलेला एक धातूचा तुकडा होता. शेकडा ९० प्लॅटिनम, १० इरिडियम. उंची ३९ मिमी आणि व्यासही ३९ मिमी. आपल्या मुलीलाच हिशेब द्या: π/४ × ३.९ × ३.९ × ३.९ = ४६.६ घसेमी. १००० ÷ ४६.६ = २१.५. एक किलो वजन, आणि आकार फार तर डिंकाच्या लाडवाएवढा. उंची आणि व्यास सारखे ठेवले कारण तेवढ्या आकारमानाच्या वृत्तचितीत तेव्हाच पृष्ठफळ सर्वांत कमी असतं. पृष्ठफळ कमी म्हणजे धूळ बसायला, झीज व्हायला जागा कमी. भारताकडे त्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत.

किलोची नवी व्याख्या करायच्या कामात सिलिकॉनचा अत्यंत शुद्ध गोल वापरला गेला. वस्तुमान एक किलो, व्यास ९३.६ मिमीच्या आसपास. गोलाचं सूत्र लावलं की घनता २.३३ येते, सिलिकॉनची बरोबर तेवढीच. तिथेही सगळा जीव व्यास मोजण्यातच ओतला होता. सह्यवारा म्हणतात ते तिथेही लागू: व्यासातली चूक तीनदा लागते.

निंबोणी

वर्कशॉपमधून आत्ताच आलो. सगळं सविस्तर लिहिते.

काकांनी व्हर्निअर दिला, पण आधी जबडे मिटवून उजेडात धरायला सांगितलं. फटीतून उजेड दिसला नाही आणि दोन्ही शून्यं एका रेषेत आली. मग ठोकळ्याची प्रत्येक बाजू तीन ठिकाणी मोजली, दोन टोकांना आणि मधे. एकूण नऊ वाचनं. सगळी २५.०० ते २५.०४ च्या आत, सरासरी २५.०२ मिमी. लेकीने पहिलं वाचन घेताना जबडे जोरात दाबले होते. काका म्हणाले, "सरकवून टेकव, आवळू नकोस." पुन्हा घेतलं तर वाचन ०.०४ ने बदललं. एवढ्याशाने बदलतं हे तिने वहीत चौकट करून लिहिलं.

मग ओळखीच्या सराफाकडे काट्यावर वजन केलं: १२२.६४ ग्रॅम.

२.५०२ चा घन = १५.६६ घसेमी
१२२.६४ ÷ १५.६६ = ७.८३

पोलादाच्या ७.८५ ला थोडं कमी पडलं. बीड नाही हे नक्की, पण लेकीला ते ०.०२ टोचतंय. काही राहिलं का?

भट्टीवाला

ताई, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. "कडा हलक्या मारलेल्या". घनाला बारा कडा. प्रत्येक कडेचा लांबट त्रिकोणी तुकडा काढलेला आहे आणि सूत्र मात्र तो आहे असंच धरतं. कड साधारण अर्धा मिमी मारली असेल. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ½ × ०.५ × ०.५ = ०.१२५ चौमिमी, लांबी २५ मिमी, म्हणजे एका कडेला ३.१ घमिमी. बारा कडांचे ३७.५ घमिमी, ०.०३७५ घसेमी. ते वजा करा.

निंबोणी

१५.६६२५ − ०.०३७५ = १५.६२५
१२२.६४ ÷ १५.६२५ = ७.८५

लेक ओरडली, "पोलाद!" आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत, तरी ती वही घेऊन शेजारी पळाली आहे.

सह्यवारा

शाब्बास! तिला माझ्याकडून सांगा, कडांचा हिशेब करून ०.०२ शोधून काढणारी मुलगी मी बत्तीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिली. उत्तर ७.८५ वर थांबवलंत हेही योग्य. कॅल्क्युलेटर ७.८४८९६ दाखवेल, पण कड नेमकी अर्धा मिमीच मारली आहे हे आपल्याला ठाऊक नाही. त्यापुढचे आकडे आपल्या मोजणीतून आलेले नाहीत.

निंबोणी

रविवारचा वृत्तांत. काकांनी उत्तर ऐकलं, वही पूर्ण वाचली, आणि काही न बोलता खणातून दुसरा तुकडा काढून दिला. या वेळी वृत्तचिती. "आता हा."

तिने व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजला, वर, मधे आणि खाली. म्हणाली, "आई, इथे व्यास दोनदा गुणतो आणि उंची एकदाच, म्हणून व्यासावर जास्त वेळ घालवायचा." मी काहीच शिकवलं नव्हतं, ते तिचं तिनेच धाग्यावरून उचललं. व्यास ३०.०४ मिमी, उंची ४०.१०. π साठी २२/७ घेऊ की ३.१४, असं विचारत होती. दोन्ही करून पाहिलं तर घनतेत एका शतांशाचाही फरक पडला नाही.

आकारमान २८.४२ घसेमी, वस्तुमान २०४.६ ग्रॅम. घनता ७.२०.

तिने मान वर केली आणि म्हणाली, "काका, हे बीड."

काकांनी तुकडा शिकंजात धरला, कानशीचे चार हात मारले आणि पडलेला कीस तिच्या तळहातावर ठेवला. पावडरीसारखा बारीक, काळपट. तिने दोन बोटांत चोळला आणि बोटं पेन्सिलीच्या शिशासारखी काळी झाली. भट्टीवाला दादांनी लिहिलेलं ते ग्राफाइट. घरी येऊन तिने वहीत ७.२० च्या शेजारी तेच बोट टेकवून ठसा उमटवला आहे.